हात सोडायची रीत

तारनाक्याचं ते घर बघायला आई आणि मी गेलो, तेव्हा घरमालकांनी स्वतः चहा केला, माझ्यापुढे धरला आणि कप काही सोडेनात. मी बशी धरली, जराशी ओढलीही, पण त्यांची बोटं तिथेच. ऐंशीच्या घरातला माणूस, हात आखडला असेल, असं वाटून मी घाबरले. मला घाबरायला फार काही लागत नाही. तेवढ्यात ते म्हणाले, "कप तुझ्याकडे."

"हो," मी म्हटलं.

"हो नाही. कप माझ्याकडे, असं म्हण."

"कप माझ्याकडे."

"बराबर. कप तुझ्याकडे," असं म्हणून त्यांनी बोटं काढली.

आईची पाळी आली तेव्हा तिने कपाला हात लावायच्या आधीच सांगून टाकलं, "माझ्याकडंच आहे की साहेब, सोडा आता."

आम्ही नांदेडच्या. वडील गेल्यावर आई माझ्याबरोबर हैदराबादला आली. मी इथे रेल्वेच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये रक्त तपासते. घर शोधताना गाव कुठलं, आडनाव काय, कुठल्या लोकांपैकी, या प्रश्नांची आम्हाला इतकी सवय झाली होती की, या गृहस्थांनी त्यातलं काहीच विचारलं नाही तेव्हा मला उलट काळजीच वाटू लागली. आईने शेवटी उघडच विचारलं, "समोरच्या भिंतीवर आम्ही बुद्धांचा फोटो लावू. चालंल का?" ते उठले, भिंतीवर बोटाने ठकठक केलं आणि म्हणाले, "इथे नक्को. इथून वायर गेलीय. हातभर डावीकडे ठोका." खाली जिना उतरताना आई म्हणाली, "घर घ्यायचं. माणूस येडा आहे पण चांगला आहे."

ते हवाई दलातून स्क्वाड्रन लीडर म्हणून निवृत्त झालेले. कॉलनी मात्र त्यांना मेजरसाब म्हणायची. मेजर हा भूदलात असतो, हे त्यांनी बरीच वर्षं समजावून सांगितलं आणि मग सोडून दिलं. शेजारच्या तेलुगू बाई त्यांना विमानं ताता, म्हणजे विमानवाले आजोबा, म्हणायच्या, ते त्यांना त्यातल्या त्यात आवडायचं. मी काका म्हणू लागले. त्यांचे पूर्वज मराठीच, पण कित्येक पिढ्यांपासून अफझलगंजकडे दुकान असलेले. त्यामुळे त्यांच्या मराठीत हौ आणि नक्को असायचं, आणि मध्येच एखादा हुकूम इंग्रजीतून यायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी कॅनडात. तळमजल्यावर ते एकटे.

त्यांच्या हातून काहीही घ्यायचं तर ते घेतल्याचं तोंडाने सांगावं लागे. किल्ली, गॅसचं पुस्तक, वाटीभर आमटी, काहीही. गाडीवर भाजी घेऊन येणारा सलीमभाई पैसे आणि पिशवी यांची अदलाबदल करताना स्वतःहूनच ओरडायचा, "थैली तुमारेकने, साब. पैसे मेरेकने. छोडो अब." कॉलनीतली मुलं त्यांच्या पाठीमागे चेंडू झेलताना हेच म्हणायची आणि हसायची. काकांना ते ऐकू यायचं. ते म्हणायचे, "हसू दे. तोंडाने म्हणतात ना, बस."

दुसरी खोड त्या देशाची. हवाई दलात असताना त्यांना परदेशात, समुद्राकाठच्या एका शहरात, तिथल्या मुलांना विमान चालवायला शिकवण्यासाठी पाठवलं होतं. देश कुठला, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. "सही केलीय," म्हणायचे. ज्या सरकारसाठी सही केली ते सरकार तिथे आता असेल की नाही देव जाणे, पण काकांची सही शाबूत. ते नुसतं 'तिकडे' म्हणायचे. तिकडे आंबा होता पण त्याला वास नव्हता. तिकडे मासे स्वस्त आणि कांदा महाग. तिकडे लोक पावसाला शिव्या देत नसत. कॉलनीतल्या निवृत्त मंडळींनी संध्याकाळी बाकावर बसून अर्धी आफ्रिका आणि थोडं अरबस्तान चाळून झालं होतं. कुणी मुद्दाम चुकीचं नाव घेऊन बघायचं, की काका चिडून बरोबर नाव सांगतील. काका म्हणायचे, "हौ, तिथे पण चांगलं असेल."

सकाळी ते गच्चीवर यायचे, मानेवर पाण्याचा हात फिरवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. वारा मानेला कळतो, डोळ्याला नाही, असं त्यांचं म्हणणं. आई तिथेच पापड घालत असायची. "साहेब, उडतील का हो?" ती विचारायची. ते मान किंचित फिरवून सांगायचे, "दहापर्यंत नाही. नंतर पश्चिमेकडून येईल. विटा ठेवा." आई विटा ठेवायची. हवामान खात्याने काही सांगितलं तर ती म्हणायची, "थांब, साहेबांना विचारते."

हे सगळं मी आता हसत लिहिते आहे, कारण काका मागच्या हिवाळ्यात गेले, तेही आपल्या बिछान्यात, दुपारच्या झोपेत. ज्या तऱ्हेने ते जातील म्हणून मी दीड-दोन वर्षं जीव मुठीत धरून बसले होते, तसं काही झालं नाही. पण ती दीड-दोन वर्षं मला विसरता येत नाहीत.

काका दर रविवारी सकाळी हुसेनसागरवर शिडाची नाव चालवायला जायचे. तिथल्या एका क्लबाचे ते जुने सभासद. नाव दोघांची असते. मागे बसणारा सुकाणूचा दांडा आणि मोठ्या शिडाची दोरी सांभाळतो, पुढचा माणूस छोटं शीड बघतो आणि नाव कलली की दुसऱ्या बाजूला वजन टाकतो. त्यांचा पुढचा माणूस म्हणजे बँकेतले एक निवृत्त गृहस्थ. त्यांचे गुडघे बदलल्यावर ते दिलसुखनगरला मुलाकडे राहायला गेले, आणि काकांची नाव काठावर अडकली. मग एका शनिवारी ते जिना चढून वर आले आणि मला म्हणाले, "बेटा, उद्या माझ्याबरोबर पाण्यावर चल."

मी म्हटलं, "काका, मला पोहता येत नाही. मला पाण्याची भीती वाटते. खरं तर मला सगळ्याचीच भीती वाटते."

"म्हणूनच विचारतोय. न भिणाऱ्यांच्या संगतीत मी पुष्कळ उडालोय. नक्को आता."

आई आतून म्हणाली, "जाय की. इथं बसून तरी काय करायलीस, गॅस बंद आहे का बघायलीस." ते खरंच होतं. गॅस बंद केल्यावर मी तो पुन्हा बघते, दारापर्यंत जाते आणि परत येऊन बघते. काकांना माझं हे फार पसंत होतं. कॉलनीत शिस्तीचा एकच माणूस आहे, आणि तो वरच्या मजल्यावर राहतो, असं ते सांगत फिरायचे.

तर मी गेले. काकांच्या जुन्या पांढऱ्या मारुतीतून. निघण्याआधी त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. चाकं, दिवे, काच, दरवाजे, प्रत्येक गोष्टीवर तळवा टेकवत. विमानात बसण्यापूर्वी वैमानिक अशी फेरी मारतो म्हणे. स्कूटर असो, उधार आणलेली शिडी असो, फेरी मारल्याशिवाय काका कशावर चढत नसत. रिक्षाच्या बाबतीतही तेच. आणि रिक्षात मागे बसणं त्यांना मंजूरच नव्हतं. ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडावर बसायचे. पॅसेंजर होणं त्यांना जमलं नाही.

पहिल्या दिवशी मी नावेत भीतीने रडले, हे सांगायला हरकत नाही. पाण्याला वास, हातात ओली दोरी, आणि डोक्यावरून सपकन जाणारी शिडाची आडवी काठी. तळ्याच्या मध्यावरचे दगडी बुद्ध आजवर मी काठावरून, आईबरोबर हात जोडूनच पाहिले होते. त्या दिवशी ते कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी पाठमोरे दिसायला लागले, आणि मी हात जोडू की दोरी धरू, हेच मला कळेना. काका मात्र खूश होते. मध्येच त्यांनी सुकाणू सोडून दिलं आणि हात मांडीवर ठेवले. मी किंचाळले. नाव आपोआप वाऱ्याकडे तोंड करून वळली, शीड फडफडलं आणि नाव थांबली. नुसती डुलत राहिली.

"बघ," काका म्हणाले. "हात सोडला की विमान पडतं. नाव थांबते. म्हणून मी इकडे आलो."

मग तिथेच, फडफडणाऱ्या शिडाखाली, त्यांनी तिकडची गोष्ट सांगितली. ती त्यांनी मला एकदाच सांगितली.

शिकवायच्या विमानात दोन जागा असतात, एकामागे एक. पुढे शिकणारा, मागे शिक्षक. दोघांकडेही सगळी उपकरणं सारखीच. त्या दिवशी पुढे बसलेला मुलगा हुशार होता, पण लाजरा, आणि इंग्रजी कच्चं. वर गेल्यावर काका म्हणाले, कंट्रोल तुझ्याकडे. मुलगा काहीतरी पुटपुटला. काकांनी हात काढला. विमान छान सरळ, समुद्रावरून चाललं होतं. काकांना वाटलं, पोराचा हात किती हलका आहे. त्यांनी त्याला शाबासकी दिली. मुलाला वाटलं, सर विमान किती सुंदर चालवतायत आणि मला बघायला सांगतायत. तो म्हणाला, येस सर, व्हेरी गुड सर. असं एकमेकांचं कौतुक करत ते दोघे चालले होते, आणि विमान कुणीच चालवत नव्हतं. ते इतकं हळूहळू खाली येत होतं की दोघांनाही कळलं नाही. मग काकांना खाली कोळ्यांच्या नावा दिसल्या. नावांतली माणसं दिसली. माणसांनी वर केलेले चेहरे दिसले.

"त्यांनी हात हलवला," काका म्हणाले. "त्यांना वाटलं, आम्ही भेटायला आलो."

विमान वर खेचलं गेलं, कुणाला काही झालं नाही. पण काका पुढचे कित्येक दिवस झोपले नाहीत. बंदरात परदेशी लोकांसाठी नावांचा एक क्लब होता, तिथे ते जाऊन बसायला लागले. तिथल्या म्हाताऱ्या नावाड्याने त्यांना पाण्यावर नेलं आणि सुकाणू सोडायला लावलं. नाव थांबली तेव्हा आपण रडलो, असं काका म्हणाले. त्यानंतर आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी दोन नियम केले. देताना तीनदा बोलायचं: मी देतो, तू घेतोस, मी पुन्हा सांगतो आणि मगच हात काढतो. पण मागच्या सीटवरचा शिक्षक 'कंट्रोल माझ्याकडे' म्हणाला, तर तिथे उलट विचारायचं नाही. त्याच क्षणी सोडायचं. दोन्ही हात खांद्याच्या वर न्यायचे, म्हणजे मागच्याला दिसतात. पाय पेडलवरून काढायचे. भांडण असेल तर जमिनीवर.

"आणि तुम्हाला असं कुणी म्हणालं तर?" मी विचारलं.

"मला कोण म्हणणार? मागच्या सीटवर मीच असतो की."

मी रविवारी जायला लागले. भीती गेली नाही, पण भीतीला काम मिळालं. आणि तशातच एक दिवस काकांच्या फ्रिजमधून आईसाठी बर्फ आणायला गेले तेव्हा दारातल्या कप्प्यात डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या दिसल्या. दवाखान्यात काम करणाऱ्याला ती बाटली ओळखायला वेळ लागत नाही. काचबिंदू. त्यात माणसाला समोरचं दिसतं, कडेचं हळूहळू बंद होत जातं, नळीतून बघितल्यासारखं.

मग मला सगळंच वेगळं दिसायला लागलं. गाडीभोवतीच्या फेरीत ते तळवा टेकवतात, ती खोड नव्हती, ते हाताने बघत होते. कप टेबलावर ठेवताना आधी टेबलाची कड चाचपतात. जिन्यात मी बाजूला उभी असले तर त्यांना पत्ता नसतो. मी सरळ विचारलं, "काका, डोळे किती गेलेत?"

"जेवढे लागतात तेवढे आहेत."

"गाडीला किती लागतात?"

यावर ते वाऱ्याबद्दल बोलायला लागले. मला त्यांचं दुखणं कळत होतं. क्लबात डोळ्यांचं समजलं तर नाव बंद. नाव बंद झाली तर रविवार बंद, आणि काकांचे बाकीचे सगळे वार या रविवारवर टेकलेले होते. पण रस्त्यावर माणसं असतात. रोज लॅबमध्ये नळ्या लावताना माझ्या डोक्यात एकच चालायचं: काका आता भाजी आणायला निघाले असतील. अँब्युलन्सचा आवाज आला की मी खिडकीशी जायची. आई म्हणायची, "भिऊन भिऊन काय होणार? साहेबांना सांग तरी, नाहीतर गप राह्य." मला दोन्ही जमत नव्हतं.

त्यांच्या मुलीचा कॅनडाहून फोन यायचा. "अगं, तू तरी सांग त्यांना. गाडी विकून टाका म्हणावं. मी सांगून थकले."

"ताई, ते ऐकत नाहीत."

ऐकत नाहीत म्हणजे कसं, ते मी एकदा खाली बसले असताना ऐकलं. फोन स्पीकरवर होता. ताई म्हणाली, "बाबा, प्लीज, गाडी चालवू नका."

"ही विनंती आहे की आदेश?"

"बाबा, प्लीज."

"प्लीज म्हणजे विनंती. नामंजूर," काका म्हणाले आणि तिच्या मुलांची चौकशी करू लागले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ते हातातल्या हातात चष्मा पुसत बसले. तो चष्मा पुसून काही होणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

तरी मी त्यांच्या गाडीत बसत राहिले. लोक विचारतात, का? मी शेजारी असले तर डावी बाजू मी बघेन, असा माझा हिशेब होता. "डावीकडे बस, काका." "दिसली." "सायकल." "दिसली." त्यांना काही दिसत नव्हतं, पण मी म्हणाले की ते स्टिअरिंग बरोबर तेवढं हलवायचे. आमचं बरं चाललं होतं. तेच तर वाईट होतं.

त्या रविवारी आम्ही मेट्टुगुड्याहून सिकंदराबाद ओलांडून राणीगंजच्या जवळ आलो होतो. ऊन नुकतं चढत होतं. रस्त्याच्या डाव्या कडेला एक दोशाची बंडी, म्हणजे हातगाडी, भोवती नाश्ता करणारे पाच-सहा लोक, पाठ रस्त्याकडे करून, हातात प्लेटी. गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. इतकी हळू, की मला आधी वाटलं, काकांना थांबायचंय.

"डावीकडे बंडी, काका."

"दिसली."

गाडी सरकतच होती. मी पुन्हा म्हटलं. "दिसली म्हटलं ना," काका म्हणाले. ते समोर बघत होते, अगदी निवांत. आणि मला त्या कोळ्यांचे चेहरे आठवले, जे मी कधी पाहिलेही नव्हते. त्यानंतर जे माझ्या तोंडून निघालं, ते मी ठरवून म्हटलेलं नाही.

"कंट्रोल माझ्याकडे," मी म्हटलं.

काकांनी त्याच क्षणी दोन्ही हात खांद्यांच्या वर नेले आणि पाय पेडलवरून काढले. "कंट्रोल तुझ्याकडे," ते स्पष्ट आवाजात म्हणाले.

मारुतीला दोन स्टिअरिंग नसतात, हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही आणि बोलताना माझ्याही. क्षणभर ती गाडी कुणाचीच नव्हती. मी उजव्या हाताने स्टिअरिंग धरून उजवीकडे फिरवलं, डाव्या हाताने हँडब्रेक दोन सीटांच्या मधून उपटल्यासारखा वर ओढला. गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. बंडीचं चाक आणि आमचा दिवा यांच्यामध्ये एका माणसाची मांडी जाईल एवढी जागा होती. एका बाईच्या हातातली प्लेट पडली होती, चटणी बॉनेटवर.

बंडीवाला उलथन्यासकट धावत आला. खिडकीतून आत वाकला आणि थबकला. काका अजून हात वर करून बसले होते.

"क्या अंकल," तो म्हणाला, "हाताँ कैको उठाए? मैं तुमकू लूटने आया क्या?"

मला हसू आलं नाही. काका म्हणाले, "बेटा, घेतलं?"

"घेतलं, काका."

"गाडी थांबली?"

"थांबली."

"कुणाला लागलं?"

"नाही. कुणालाच नाही."

तेव्हा हात खाली आले. काकांनी ते काखेत घातले. बंडीवाल्याची, त्या बाईची त्यांनी खाली उतरून माफी मागितली, तिला दुसरा दोसा घेऊन दिला आणि तिने प्लेट धरल्यावर "प्लेट तुमारेकने" असं हळूच म्हणाले. ती म्हणाली, "हौ, मेरेकनेच है," आणि पुन्हा खायला लागली. मग ते ड्रायव्हरच्या दाराकडे न जाता गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि उभे राहिले. मी उतरून पलीकडे जाईपर्यंत उभे राहिले.

लायसन्स मी नांदेडला काढलं होतं. त्यानंतर गाडी चालवली नव्हती. "घरी जाऊ या," मी म्हटलं.

"तळ्यावर चल," काका म्हणाले. "मला तिथे बोलायचंय."

बैलगाडीच्या वेगाने मी ती गाडी तळ्यापर्यंत नेली. मागून सगळं सिकंदराबाद हॉर्न वाजवत होतं. काका समोरच्या काचेकडे बघत बसले होते. रागावलेत, की लाजलेत, की संपलेत, मला कळेना. त्यांना मी भर रस्त्यात हात वर करायला लावले होते. आता हे घरी जाऊन पुन्हा कशासाठी उठतील, असं माझ्या मनात आलं आणि रस्ता धूसर दिसायला लागला.

क्लबाचा सेक्रेटरी तरुण मुलगा, तेलुगू. काका त्याच्यापुढे सरळ उभे राहिले, मी कधी कुणाला तसं उभं राहिलेलं पाहिलं नाही. "माझी नजर गेलीय," ते म्हणाले. "तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. माझी चूक. आजपासून मी नाव चालवायला अनफिट आहे. लिहून घे."

तो माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "सर, मॅडमकू आता ना थोडा थोडा? मॅडम चलाए तो तुम पॅसेंजर बनके जा सकते. जॅकेट पहनना पडता, बस."

पॅसेंजर हा शब्द ऐकून मी काकांकडे बघायचं टाळलं. मी म्हणायला तोंड उघडलं, की नको, आज नको, मला येत नाही, मी दोघांनाही बुडवीन. काकांनी दोन्ही हात बाजूला पसरले, लहान मुलाला कपडे घालताना ते पसरतं तसे. मी त्यांना जॅकेट घातलं आणि पट्टे आवळले.

पुढचं छोटं शीड आम्ही उघडलंच नाही. काका पुढे बसले, माझ्याकडे पाठ करून, हात गुडघ्यांवर. मी मागे, सुकाणूपाशी. आजवर सुकाणू मी हातात घेतलं होतं ते काकांच्या हाताखाली. नाव काठापासून सुटली.

थोडं आत गेल्यावर डावीकडून वारा एकदम आला. नाव कलली. अशा वेळी शिडाची दोरी सैल सोडायची, हे मला पाठ होतं, पण माझी मूठ उघडेना. नाव आणखी कलली, पाणी काठावरून आत आलं, काकांच्या बुटांवर आलं. आणि त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवरून उठले. दोरी त्यांच्या कोपराशीच होती. त्यांनी ती एका झटक्यात माझ्या मुठीतून सोडवली असती तरी झालं असतं. घ्या, काका, घ्या, असं मी मनात म्हणत होते. मला खरंच हवं होतं, की त्यांनी घ्यावं.

त्यांनी घेतलं नाही. हात हवेत तसेच राहिले आणि मग खाली गेले. माझी मूठ सुटली, दोरी सरकली, नाव सरळ झाली.

"काका, ठीक आहात?"

"चालव," ते म्हणाले. मागे वळले नाहीत.

दुसरी झुळूक आली ती पहिलीपेक्षा मोठी होती. मी दोरी सोडली, जरा उशीरच झाला, नाव वाकडी होऊन सरळ झाली. या वेळी त्यांचे हात उठले नाहीत. मला वाटलं, आता त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, आणि मला थोडं बरं वाटलं. मग नाव वळवताना मी खाली वाकले आणि मला त्यांचे हात दिसले. दोन्ही तळवे त्यांनी आपल्या मांड्यांखाली घातले होते, आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून ते बसले होते. काठ येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.